मायवान की ब्लॉक? टॉवरमधला फ्लॅट बुक करण्याआधी भिंतीवर टकटक करून बघा

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही सेल्स ऑफिसात गेलात की आधी थंडगार पाणी, मग काचेच्या पेटीतलं टॉवरचं मॉडेल आणि मग सॅम्पल फ्लॅट. पूल, जिम, येऊरचा डोंगर दिसणारी बाल्कनी हे सगळं तुम्ही बघून आलाच असाल. पस्तीस मजल्यांच्या कुठल्याही दोन महागड्या टॉवरांत ते उन्नीस-बीसच्या फरकानं सारखंच असतं. खरा फरक भिंतीत असतो आणि तिच्याबद्दल आपण होऊन कुणी बोलत नाही. खोदून विचारलं तर "मायवान आहे सर" असं अशा थाटात सांगतात, की पुढचं विचारायला आपल्यालाच संकोच वाटावा.

मायवान म्हणजे ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती, ब्लॉक म्हणजे रचलेल्या ठोकळ्यांच्या. मी दोन्हींत राहिलोय. कोलशेतच्या बाजूला ब्लॉकच्या टॉवरमध्ये २७व्या मजल्यावर तीन वर्षं भाड्यानं, आणि आता चार वर्षं झाली, पोखरण रोड नंबर दोनला मायवानमध्ये, स्वतःच्या घरात. म्हणजे माझा कल कुठे आहे ते उघड आहे. तरी ब्लॉकची बाजू लंगडी आहे असं मुळीच समजू नका.

मायवान हे मुळात उत्तर आयर्लंडमधल्या एका कंपनीचं नाव. झेरॉक्ससारखं ते आपल्याकडे पद्धतीलाच चिकटलं. अॅल्युमिनियमचे साचे पिना ठोकून उभे करतात आणि भिंती नि वरचा स्लॅब एकाच वेळी ओततात. दुसऱ्या पद्धतीत कॉलम-बीमचा सांगाडा आधी वर जातो आणि मागून गवंडी त्यात एएसी ब्लॉक, म्हणजे हलक्या काँक्रीटचे ठोकळे, भरत येतात. साइटवर त्याला अजूनही एका ब्रँडच्या नावानं सिपोरेक्सच म्हणतात. मायवानचा मजला साधारण आठ-दहा दिवसांत पडतो, म्हणून बिल्डर त्याच्या प्रेमात असतो. तो ते खास तुमच्यासाठी वापरतो अशा भ्रमात राहू नका. ताकदीचा मुद्दा मी तुलनेत धरलेलाच नाही. ५० मीटरच्या वरच्या इमारतींसाठी २०१७पासून आयएस १६७०० हा बांधकामाचा वेगळा भारतीय मानक कोड आहे आणि दोन्ही पद्धतींचं डिझाइन त्यात बसवता येतं.

आधी ब्लॉकचे गुण सांगतो. एएसी ब्लॉक हलका, त्याच मापाच्या काँक्रीटच्या जेमतेम पाव वजनाचा, आणि आत हवेचे बारीक बुडबुडे असल्यामुळे ऊन लवकर आत येऊ देत नाही. कोलशेतच्या घरात एप्रिलमध्येही रात्री अकराला एसी बंद करून आम्ही पंख्यावर झोपायचो. इथे पश्चिमेच्या भिंतीला रात्री साडेदहाला तळहात लावला तरी ती कोमट लागते. दिवसभर प्यायलेलं ऊन ती पहाटेपर्यंत सोडत बसते. विजेचं बिल वाढलंय, फक्त त्यात भिंतीचा वाटा किती आणि दहावीतल्या मुलाच्या जागरणाचा किती, ते मला सांगता येणार नाही.

दुसरं म्हणजे फेरफार. ब्लॉकची आतली भिंत पाडून किचन हॉलला जोडणारे शेजारी मी पाहिलेत. सोसायटीची परवानगी आणि स्ट्रक्चरल इंजिनीअरचं पत्र घेतलं की आठवड्यात काम होतं. मायवानमध्ये बहुतेक भिंती इमारतीचं वजन पेलत असतात, त्यांना हात लावायचा नाही. एक जास्तीचा प्लग पॉइंट हवा असला तरी भिंत फोडता येत नाही, वरून प्लास्टिकची पट्टी मारावी लागते. वायफाय तर हॉलमधून मागच्या बेडरूमपर्यंत पोचतच नाही. आम्ही दोन जास्तीचे डबे लावलेत.

आणि खिळा! साधा खिळा या भिंतीत जात नाही, वाकतो. गृहप्रवेशाच्या दिवशी वडिलांनी हौसेनं हातोडी घेतली. तीन खिळे वाकवले आणि चौथ्याला म्हणाले, "अरे, घर घेतलंस की बंकर?" कालनिर्णय तेव्हापासून फ्रिजवर चुंबकानं लटकतंय. भोक पाडायचं तर हॅमर ड्रिल लागतं, आणि त्याचा आवाज सगळ्या इमारतीचा होतो. भिंती-स्लॅब एकसंध असल्यामुळे १४व्या मजल्यावर कुणी पडद्याची दांडी लावायला घेतली तर २२व्या मजल्यावर आमच्या उशाशी ड्रिल चालल्यासारखं वाटतं. नव्या टॉवरमध्ये दोनशे घरांची इंटिरिअरची कामं एकामागून एक निघतात. पहिली दोन वर्षं दुपारची झोप विसरायची.

एवढं सगळं असून मी मायवान घेतलं ते एका रेघेमुळे.

कोलशेतच्या घरातल्या मास्टर बेडरूमची एक भिंत पश्चिमेला होती. खिडकीतून समोर येऊर, संध्याकाळचं ऊन, सगळं सॅम्पल फ्लॅटमध्ये दाखवतात तसं. पहिल्या जुलैत छताच्या खाली वीतभर अंतरावर एक आडवी रेघ उमटली, पट्टीनं आखावी इतकी सरळ. बोट लावलं तर ओलसर. आठवड्यात तिच्याखाली भिंत फुगली. नाण्यानं खरवडली तर पुट्टीचा पापुद्रा अख्खा सुटून हातात आला आणि मागून पांढरी खार भुरभुरली. त्या भिंतीला लागूनच कपाट होतं. गौरींच्या वेळी बायकोनं पैठणी बाहेर काढली तर मऊ सुती पिशवीत गुंडाळलेली असूनही काठावर राखाडी ठिपके. ती काही बोलली नाही. नुसती पदर हातात घेऊन उभी राहिली.

माझा मावसभाऊ साइट इंजिनीअर आहे. त्यानं भिंत न बघता, फोनवरच सांगितलं, "ती रेघ नसणार, तो तुझा बीम आणि ब्लॉक यांच्यामधला सांधा असणार." काँक्रीट आणि ब्लॉक ऊन-पावसात सारखे हलत नाहीत. ब्लॉक वाळताना थोडा आकसतो, आणि उंच टॉवर वाऱ्यानं किंचित डोलतोच. या सगळ्याचा ताण नेमका बीमच्या खालच्या सांध्यावर येतो. तिथे जाळी मारून, शेवटचा थर काही दिवस थांबून भरायचा असतो. पण तो थर बहुधा संध्याकाळी घाईत, मिळेल त्या मालानं भरला जातो. मग केसाएवढी भेग पडते. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर ती खपून जाते. २७व्या मजल्यावर पाऊस वरून पडत नाही, समोरून येतो, आणि वारा ते पाणी भेगेत अक्षरशः दाबून भरतो.

पहिल्या वर्षी आतून वॉटरप्रूफ रंग मारला. दुसऱ्या वर्षी भेग रुंद करून, मसाला भरून, वर जाळी लावली. तिसऱ्या वर्षी तीच रेघ फूटभर डावीकडे निघाली. आतून कितीही केलंत तरी उपाय बाहेरून करावा लागतो. बाहेरून म्हणजे गच्चीवरून दोर सोडून खाली उतरणारे रोपवाले, आणि ते पाऊस पूर्ण थांबल्याशिवाय येत नाहीत. घरमालक म्हणे सोसायटीला सांगा, सोसायटी म्हणे बिल्डरला लिहिलंय. रेरा या घरखरेदीच्या कायद्यात बांधकामातला दोष पझेशनपासून पाच वर्षांच्या आत दाखवला तर बिल्डरनं ३० दिवसांत, जास्तीचे पैसे न घेता दुरुस्त करून द्यायचा असतो. आमच्या इमारतीची पाच वर्षं चार महिन्यांपूर्वी उलटून गेली होती.

मायवान गळत नाही असं म्हणणं खोटं ठरेल. साचे एकमेकांना धरून ठेवणाऱ्या टायची भोकं भिंतीत राहतात, ती नीट भरली नाहीत तर तिथून पाणी येतं. खिडकीच्या चौकटीभोवतीही येतं. आमच्याकडे दुसऱ्या पावसात खिडकीच्या कोपऱ्यात रुपयाएवढा डाग पडला. एक माणूस सिलंटची बंदूक घेऊन आला, दुपारभरात काम करून गेला, त्याला आता दोन पावसाळे झाले. मावसभावाच्या मते काँक्रीट ठिपक्यानं गळतं आणि ब्लॉक रेघेनं. ठिपका सापडतो, बुजवता येतो. चार वर्षं एका घराचा अनुभव म्हणजे काही चाचणी नव्हे, हे मला मान्य आहे. तरी कपाट मी मुद्दाम पश्चिमेच्या भिंतीलाच ठेवलंय आणि पैठणी त्यातच आहे.

कार्पेट एरियाचंही एक आहे. रेराच्या व्याख्येत बाहेरच्या भिंती धरत नाहीत, पण आतल्या धरतात. म्हणजे आतल्या भिंती जितक्या जाड, तितक्या जागेचे पैसे तुम्ही भिंतीला मोजता. ब्लॉकची भिंत दोन्हीकडच्या प्लास्टरसकट मोजली की बहुधा मायवानच्या भिंतीपेक्षा जाड भरते. ठाण्यातल्या आजच्या भावात खोलीमागे दोन-तीन इंच सोडून देण्यासारखे नाहीत. प्लॅनवर भिंतीची जाडी छापलेली असते, तिकडे एकदा नजर टाका.

ज्यांचा फ्लॅट पूर्वेला, खाडीच्या बाजूला आहे किंवा सातव्या-आठव्या मजल्याच्या खाली आहे, त्यांनी माझं ऐकून ब्लॉक नाकारायची गरज नाही. त्यांना उन्हाळ्यात माझ्यापेक्षा बरी झोप लागेल. पुढे भिंती हलवायचा विचार पक्का असेल तरी ब्लॉकच बरा. हल्ली बाहेरच्या भिंती काँक्रीटच्या आणि आतल्या ब्लॉकच्या असेही टॉवर उभे राहतायत. असा मिळाला आणि बजेटमध्ये बसला तर मी डोळे झाकून तो घेईन. माझ्या वेळी पोखरणला तसा नव्हता.

म्हणून नुसतं "मायवान आहे का" असं विचारू नका. "पश्चिमेची बाहेरची भिंत कशाची आहे?" असं विचारा, आणि उत्तर लेखी मागा. सॅम्पल फ्लॅटच्या भिंतीवर टकटक करून काही कळत नाही, ती बहुतेक वेळा प्लायची किंवा जिप्समची असते. टकटक करायची ती तयार मजल्यावर. काँक्रीट बोटाला लागतं, ब्लॉक जरा भरीव पण बोदा वाजतो. इमारत तयार असेल तर जुलैच्या शेवटी, चार दिवस झोडपून पाऊस झाला की जा, आणि वरच्या मजल्यावरचा अजून रिकामा असलेला पश्चिमेचा फ्लॅट उघडून मागा. छताखाली वीतभर अंतरावर बघा. परत येताना गेटवरच्या वॉचमनला विचारा, रोपवाले शेवटचे कधी आले होते आणि कुठल्या विंगला.