खानदेशातून धूमकेतूचा माग: बायनॉक्युलर, कॅमेरा की स्मार्ट दुर्बीण?

शाळेच्या विज्ञान मंडळाला किंवा एखाद्या हौशी निरीक्षकाला धूमकेतूचा महिनोन्‌महिने माग ठेवायचा असला, की बहुधा साधन कोणते घ्यावे यापासूनच चर्चा सुरू होते. माझ्या मते त्याआधी आपल्याला धूमकेतूचे स्थान मोजायचे आहे की तेज, हे ठरवले पाहिजे. कक्षा स्थानांवरून काढतात. तेजाच्या नोंदींची वही कितीही जाड झाली तरी तिच्यातून कक्षा निघत नाही, आणि स्थान कितीही अचूक मोजले तरी पुढच्या पंधरवड्यात धूमकेतू किती उजळेल हे त्यातून कळत नाही. बायनॉक्युलर, तिकाटण्यावरचा कॅमेरा आणि स्वतः तारे शोधून त्यांच्यामागे फिरणारी स्मार्ट दुर्बीण या तिन्हींची तुलना याच कसोटीवर करावी लागते.

स्थानाच्या बाबतीत धूमकेतू बराचसा शब्दाचा पक्का असतो. वेगवेगळ्या रात्रींची तीन चांगली स्थाने मिळाली की उपसूर्य अंतर (सूर्याच्या सर्वांत जवळ असतानाचे अंतर), उत्केंद्रता (कक्षा किती लांबट आहे ते), कक्षेचा कल, तिची दिशा ठरवणारे दोन कोन आणि उपसूर्य बिंदू गाठण्याची वेळ अशी सहा मूल्ये काढून तात्पुरती कक्षा मांडता येते, आणि निरीक्षणांचा कालावधी वाढत जातो तशी ती घट्ट होते. केंद्रकातून, म्हणजे धूमकेतूच्या बर्फाळ गाभ्यातून, उसळणाऱ्या वायूंच्या झोतांनी धूमकेतूला किंचित धक्का बसतो, त्यामुळे हॅले दर फेरीला सुमारे चार दिवस उशिरा येतो, तर एन्के एकोणिसाव्या शतकात दर फेरीला सुमारे अडीच तास लवकर येत होता. पण हे फरकही आता गणितात धरले जातात. तेजाचे तसे नाही. ढोबळ नियमाने सूर्यापासूनचे अंतर 2 खगोलीय एककांवरून (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य सरासरी अंतर) 1 वर आले, की पृथ्वीपासूनच्या अंतराचा परिणाम वगळूनही धूमकेतू 3 प्रतींनी (प्रत हे तेजाचे माप; आकडा जितका लहान तितके तेज अधिक), म्हणजे जवळजवळ 16 पटींनी उजळावा. प्रत्यक्षात 2013 मध्ये आयसॉन 28 नोव्हेंबरला सूर्याजवळून जाताना विखुरला, आणि 2007 च्या ऑक्टोबरमध्ये होम्स हा अंधूक धूमकेतू दोन दिवसांच्या आत सतराव्या प्रतीच्या आसपासवरून नुसत्या डोळ्यांना दिसू लागला. स्थानाची सारणी घरबसल्या संगणकावर मिळते. तेजाची सारणी मात्र अंदाजच असते, आणि तो कुणीतरी आकाशाकडे पाहून तपासावा लागतो.

म्हणूनच सर्वांत स्वस्त साधनाची बाजू मी आधी घेतो. 10×50 चे बायनॉक्युलर काही हजार रुपयांत येते, त्यात साडेसहा अंशांच्या आसपास आकाश मावते, आणि अंधाऱ्या गावातून आठव्या प्रतीपर्यंतचे धूमकेतू त्यात सहसा सापडतात. तेज मोजण्याची रीत जुनी आणि साधी आहे: फोकसमधली धूमकेतूची धूसर प्रतिमा नीट लक्षात ठेवायची, मग फोकस बिघडवून जवळचे ज्ञात प्रतीचे तारे कोमाएवढे, म्हणजे धूमकेतूच्या गाभ्याभोवतीच्या धूसर आवरणाएवढे, पसरट करायचे, आणि कोणता तारा किंचित उजळ व कोणता किंचित फिका वाटतो ते पाहून मधली प्रत ठरवायची. कोमाचा व्यास कलांमध्ये (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), तो मध्याशी किती दाटलेला आहे याचा 0 ते 9 मधला अंक, शेपटीची लांबी आणि साधनाचा तपशील एवढे सोबत लिहिले की नोंद पूर्ण होते, आणि जगभरच्या अशा नोंदी जमवणाऱ्या कॉब्ससारख्या संग्रहात ती पाठवता येते. पहिल्या दहा-बारा नोंदी अर्ध्या प्रतीने इकडेतिकडे होणारच; तुलनेचे तारे धूमकेतूच्याच उंचीवरचे घेतले नाहीत तर चूक याहून मोठी होते, कारण क्षितिजापासून 10 अंशांवर प्रकाशाला डोक्यावरच्या हवेच्या साडेपाच पट हवेतून यावे लागते. स्थानासाठी मात्र बायनॉक्युलर निरुपयोगी आहे. नकाशावर ठिपका टाकण्यापलीकडे त्याची मजल जात नाही.

कॅमेरा घरात आधीच असेल तर तो वापरावाच. नसेल तर केवळ या कामासाठी विकत घेऊ नये. 50 मिमीच्या लेन्सने तिकाटण्यावरून दहाएक सेकंदांपुढे उघडीप (एक्सपोजर) दिली की तारे रेघोट्या होतात. शेपटीचा पसारा टिपायला एवढा वेळ चालतो, पण चित्रातला एक ठिपका पंधरा-सोळा विकलांचा (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) असतो, म्हणून स्थानमापनाला हे साधन भरड पडते. तेज काढतानाही अडचण येते, कारण कोमाचा हिरवट प्रकाश बऱ्याच अंशी वायूंच्या ठरावीक तरंगलांबींचा असतो, आणि ताऱ्यांसाठी बसवलेले रंगाचे गणित त्याला सरळ लागू होत नाही.

स्मार्ट दुर्बिणीची किंमत जुन्या मोटारसायकलला भिडते. तरीही स्थान मोजण्याची हौस असेल तर तिघींत तीच कामाची आहे. 250 मिमी नाभीय अंतर आणि 2.9 मायक्रॉनचा पिक्सेल असलेल्या दुर्बिणीत एक पिक्सेल सुमारे 2.4 विकलांचा होतो, आणि पार्श्वभूमीच्या ताऱ्यांची यादी लावून अ‍ॅस्ट्रोमेट्रिकासारख्या प्रणालीने विषुवांश व क्रांती (आकाशातले रेखांश-अक्षांश) विकलेच्या टप्प्यात काढता येतात. येथे दोन खाचखळगे आहेत. ही दुर्बीण ताऱ्यांच्या मागे फिरते, धूमकेतूच्या नव्हे. रोज 1 अंश सरकणारा धूमकेतू मिनिटाला 2.5 विकला पुढे जातो, त्यामुळे दहा मिनिटांची चित्रे एकावर एक रचली की तो दहा पिक्सेल लांब फासला जातो. सुटी चित्रे जपून ठेवून ती धूमकेतूच्या गतीने रचावी लागतात, आणि घड्याळ मिनिटाने चुकले तर स्थानही तेवढेच चुकते. दुसरे म्हणजे लघुग्रह-धूमकेतूंची स्थाने जगभरातून जमवणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरला स्थाने पाठवण्यासाठी आधी ज्ञात लघुग्रहांची मोजमापे देऊन वेधस्थळाचा संकेतांक मिळवावा लागतो, आणि तेजस्वी धूमकेतूंची स्थाने ॲटलास व पॅन-स्टार्स यांसारखी सर्वेक्षणे आधीच भरपूर देत असतात. एवढा खर्च आणि खटाटोप करूनही आपली भर कक्षेत फारशी जाणवत नाही. शिकण्याचा आनंद मोठा आहे, पण तो आनंद म्हणूनच मोजावा. तेजासाठी हीच दुर्बीण वापरायची तर एक सावधगिरी बाळगावी: मोजणीचे वर्तुळ लहान घेतले की कोमाची फिकी कड बाहेर राहते आणि धूमकेतू असतो त्याहून मंद ठरतो.

साधन कोणतेही घेतले तरी खानदेशात निर्णय अर्धा क्षितिज करते. चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यात उत्तरेला सातपुडा आडवा येतो, म्हणून वायव्येला खाली असलेला धूमकेतू तेथून लवकर हरवतो, तर तोरणमाळ हजार मीटरपेक्षा उंच असल्याने तेथे धुरळ्याचा थर बराच खाली राहतो. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीचा परिसर अंधारा आहे, आणि भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी स्थापलेल्या मठाचा शिलालेख तेथेच असल्याने जागेचा मोहही होतो. पण डोंगरांच्या कुशीत क्षितिज झाकले जाते, आणि धूमकेतू तर ऐन तेजात सूर्याजवळ, म्हणजे क्षितिजाशीच असतात. तापीकाठच्या मोकळ्या शेतातले किंवा गावातल्या घराचे साधे धाबे, म्हणजे सपाट छत, याहून बरे. जून ते सप्टेंबर आकाश मिळत नाही असेच धरून चालावे. 2020 च्या जुलैमधला निओवाइज आपल्याकडे पावसाळ्यातच आला होता.

2024 चा त्सुचिन्शान-ॲटलास यासाठी चांगला नमुना आहे. तो 27 सप्टेंबरला सूर्याच्या सर्वांत जवळ होता, दसऱ्याच्या दिवशी, 12 ऑक्टोबरला, पृथ्वीपासून सुमारे 7 कोटी किलोमीटरवर आला, आणि त्या दिवसांत शेपटीच्या धुळीतून पुढे विखुरलेल्या सूर्यप्रकाशामुळे अंदाजापेक्षा अधिक उजळला. चार-पाच दिवसांत कोजागिरीचे चांदणे आडवे आले, आणि महिनाअखेरीस तो बायनॉक्युलरचा विषय उरला. ज्याच्याकडे बायनॉक्युलर आणि पश्चिमेचे मोकळे क्षितिज होते, त्याला ही उतरण रोज नोंदवता आली असती. दुर्बिणीच्या खरेदीची वाट पाहणाऱ्याचा हंगाम निघून गेला.

तेव्हा शाळेसाठी किंवा नव्या निरीक्षकासाठी माझा कौल बायनॉक्युलरला आहे, आणि तेही किमान एक हिवाळा सलग वापरून पाहण्याच्या अटीवर. स्मार्ट दुर्बीण नंतर, स्थानमापनाची ओढ टिकली तरच घ्यावी. कोणत्याही साधनाची नोंद मात्र जागतिक वेळेत लिहावी: आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून, तारखेच्या दशांशात. 15 ऑक्टोबरच्या संध्याकाळी सातची नोंद 15.56 होते, 15 तारखेच्या पहाटे पाचची नोंद मात्र 14.98, म्हणजे आदल्या दिवशीची, आणि नवशिक्यांच्या वह्यांत नेमकी हीच तारीख एका दिवसाने चुकलेली आढळते.