पेडलची पिन आणि साडेनऊ हजारांचं बिल

ज्यांच्याकडे अजून ॲम्बेसेडर किंवा पद्मिनी आहे, त्या नाशिककरांनी हे जरूर वाचावं.

आमच्या ॲम्बेसेडरचं क्लचचं पेडल निम्म्यापर्यंत नुसतंच खाली जायचं. पेडल आणि दांडा जोडणारी पिन झिजली होती, तिचं भोक लांबट झालं होतं. दुसऱ्या टोकाची पिन गंजून जाम. इथल्याच एका गॅरेजवाल्यानं सांगितलं, "काका, अख्खी असेंब्ली बदलावी लागेल, पार्ट मुंबईहून मागवतो." ॲम्बेसेडर 2014 मध्ये बंद झाली, त्यामुळे असं बोलणं कोणालाही पटतं. बिल झालं साडेनऊ हजार. गाडी मिळाली तेव्हा सगळं काळं रंगवलेलं, वर ग्रीस थापलेलं.

थोड्याच दिवसांत त्र्यंबक रोडवर गिअर पडेना. सातपूरच्या एका लेथवाल्या दादांनी ग्रीस पुसून स्क्रू ड्रायव्हरनं ओरखडा काढला, तर रंगाखाली जुनाच गंज! झिजलेल्या पिनच्या जागी साधा बोल्ट, तोही आटे थेट भोकात येतील असा. असे आटे भोकाला कानशीसारखे खातात. जाम पिन तर निघालीच नव्हती. हातोड्यानं तिचं डोकं पसरलं, म्हणून वेल्डिंगचा टाका मारून दिलेला. जो सांधा फिरायला हवा, तोच जखडून टाकला. हेच ब्रेकच्या पेडलला केलं असतं तर घाटात आमचं काय झालं असतं, या विचारानं आजही संताप होतो.

दादांनी पेडल खाली उतरवलं, टाका घासून काढला आणि पिन रात्रभर तेलात मुरवली. मग व्हाइसमध्ये (वस्तू आवळून धरायच्या शिकंज्यात) एका बाजूला सॉकेट, म्हणजे पोकळ पान्याचं तोंड, दुसऱ्या बाजूला पिनपेक्षा बारीक तुकडा धरून हळूहळू दाबत बाहेर काढली. पिन सैल करायला गाडीवरच गॅसची ज्योत दाखवायला त्यांनी साफ नकार दिला, कारण ब्रेक ऑइल आणि रबर जवळच असतात. भोकं साफ करून गनमेटलचे बुश (भोकात बसणाऱ्या धातूच्या छोट्या नळ्या) बसवले, पिना नव्या कातल्या, त्या निसटू नयेत म्हणून टोकाला अडकवायच्या स्प्लिट पिनाही नव्या. खर्च दोन हजारांच्या आत.

पैसे देण्याआधी जुने पार्ट मागून घ्या. "फेकले" म्हणाला तर तिथेच संशय घ्या. पेडल हातानं आडवं हलवून बघा, खाली वाकून स्प्लिट पिन बघा. ताजा रंग दिसला तर तो पुसायला लावा. बिलावर पार्टचं नाव लिहून घ्या. माझ्या बिलावर "नवीन पेडल असेंब्ली" लिहिलंय, त्यावरच 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पैसे परत मिळाले नाहीत तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही.