काळे दाणे, पांढरं सत्य

खताच्या पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: "१००% सेंद्रिय, नायट्रोजन ४०%". या एका ओळीतच सगळी चोरी उघडी होती, आणि मी ती दहा वेळा वाचूनही ऑर्डर केली. निंबोळी पेंडीसारख्या सेंद्रिय खतात नायट्रोजन जेमतेम ४-५ टक्के असतो. ४० टक्क्यांचं सेंद्रिय खत कुठून येणार? पण दाणे काळेभोर, कंपोस्टसारखे दिसणारे. रंगाला भुललो.

डोस लिहिला होता दर कुंडीला दोन चमचे, दर आठ दिवसांनी. पहिल्या आठवड्यातच मिरची हिरवीगार झाली, पानं तळहाताएवढी. मी इतका खूश की अर्धं पाकीट वहिनीला देऊन टाकलं! मग फुलं येईनात. कोवळ्या शेंड्यांवर मावा कीड बसली. दुसऱ्या डोसनंतर पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी, आणि टोमॅटोचं एक रोप तर मान टाकून बसलं.

शंका आली म्हणून चमचाभर दाणे पेलाभर पाण्यात टाकले. पाच मिनिटांत दाणे गायब, तळाशी नुसता काळा गाळ, आणि पेला हाताला गार लागला. सेंद्रिय खत असं साखरेसारखं विरघळत नाही. युरिया विरघळताना मात्र पाणी गार होतं. मग जुन्या चमच्यात चार दाणे धरून गॅसवर तापवले. वितळून पाणी झालं आणि नाकात अमोनियाचा भपकारा आला. तेव्हा खिडक्या उघडूनच करा.

म्हणजे काळा रंग चोपडलेला युरिया. त्यात नायट्रोजन ४६ टक्के, म्हणजे दहा ग्रॅममध्ये ४.६ ग्रॅम. तेवढ्यासाठी निंबोळी पेंड शंभर ग्रॅम लागली असती, आणि तीही हळूहळू लागू पडली असती. मी मुळांना एका झटक्यात सगळं पाजलं.

विक्रेत्याला लिहिलं तर उत्तर आलं, "तुमच्याकडून डोस जास्त पडला असेल." डोस त्यांचाच! पाकिटावर ना उत्पादकाचा पत्ता, ना बॅच नंबर, ना नायट्रोजन कशापासून आला याचा उल्लेख. तक्रार तरी कोणाच्या नावाने करायची?

कुंड्यांना तळाच्या भोकातून वाहून जाईल इतकं पाणी तीन-चारदा दिलं. मिरची सावरली, टोमॅटो गेला. वहिनीला त्याच संध्याकाळी फोन केला. तिने तोवर मोगऱ्याला एकदाच घातलं होतं, आणि "किती छान हिरवा झालाय बघ" म्हणून मला फोटो पाठवायच्या बेतात होती.