जेसो की फॅब्रिक मीडियम? एकाच पिशवीवर दोन्ही

गेल्या दिवाळीला ठाण्यात जांभळी नाक्यावरून जाड सुती कॅनव्हासची पिशवी आणली आणि दोन्ही बाजूंना सारखीच कमळं रंगवली. एका बाजूला रंगाआधी जेसो, म्हणजे कॅनव्हासला लावतात तो पांढरा प्रायमर (रंगाखालचा पायाचा थर). दुसऱ्या बाजूला प्रायमर नाहीच. तिथे साध्या अ‍ॅक्रिलिकच्या २ भागांना १ भाग फॅब्रिक मीडियम, म्हणजे रंग कापडावर लवचिक राहावा म्हणून त्यात मिसळायचं द्रव. मग पिशवी लोकलमध्ये, भाजीला, भर पावसात बिनधास्त वापरली.

जेसोवरची कमळं सुरुवातीला जास्त खुलली होती, हे मान्य. पण पिशवी रोज घडी होऊन पर्समध्ये जाते. घडीच्या रेघेवर आधी बारीक भेगा पडल्या, आता नख लावलं की पोपडा निघतो आणि आतला पांढरा थर दिसतो. जेसोत बाइंडरबरोबर (रंग धरून ठेवणारा चिकट घटक) खडूची पूड असते. चौकटीवर ताणलेल्या कापडाला तो खरखरीतपणा हवाच. रोज दुमडणाऱ्या कापडावर तोच कडक पापुद्रा होतो.

मीडियमची बाजू फिकी आहे, कारण रंग सुतात मुरतो. पण बोट फिरवलं तर अजून कापडाची वीण लागते. भेग एकही नाही. मांडीला घासणारा खालचा कोपरा तेवढा विटलाय.

खरी मेहनत तयारीत आहे. कापड गरम पाण्यात धुवून खळ काढायचीच, नाहीतर रंग खळीवरच बसतो. त्या धुण्यात कंडिशनर नको. रंग पाण्याने फार पातळ केला तर बाइंडर कमी पडतो. पातळ करायचाच तर मीडियमने. एका जाड हातापेक्षा दोन पातळ हात बरे. पूर्ण वाळल्यावर उलट्या बाजूने, वाफ बंद ठेवून, इस्त्री फिरती ठेवायची. ठाण्याच्या पावसाळ्यात वरून कोरडा वाटणारा रंग आत ओला असतो, तेव्हा घाई नकोच. धुणं त्यानंतर काही दिवसांनी, उलटं करून, गार पाण्यात.

तक्रार एकच. मे महिन्यात घडी करून ठेवलेल्या पिशवीचा रंगवलेला भाग स्वतःलाच चिकटला. अ‍ॅक्रिलिक उष्णतेने मऊ पडतं, त्याला इलाज नाही. मध्ये बटर पेपर ठेवते.

गडद कापडावर पांढरा पाया लागतोच. तिथेही पांढऱ्या अ‍ॅक्रिलिकमध्ये मीडियम घालून पातळ हात देते. जेसोची उरलेली बाटली लेकीच्या ताणलेल्या कॅनव्हासच्या कामी येते आहे.