नौपाड्यातलं मुलांचं दमा क्लिनिक: इथे आईला नाही, लेकीला विचारतात

माझी लेक नऊ वर्षांची, दमा लहानपणापासून. आम्ही घोडबंदर रोडला राहतो, धुळीचं वेगळं सांगायला नको. बाकी ठिकाणी छाती तपासली, पंप लिहून दिला की झालं. इथे फुंकर मारून फुप्फुसांची तपासणी झाल्यावर सिस्टर मुलीला एकटीला आत नेतात आणि प्रश्नावली भरून घेतात. आईबाबांनी बाहेर बसायचं.

कॅनडात एलिझाबेथ ज्युनिपर आणि सहकाऱ्यांनी तयार केलेली ही प्रश्नावली १९९६ सालची. ७ ते १७ वर्षांच्या मुलांना गेल्या आठवड्याबद्दल २३ प्रश्न. उत्तर १ ते ७ मध्ये. ७ म्हणजे काहीच त्रास नाही. खोकला, धाप, झोपमोड तर विचारतातच, पण इतरांच्या बरोबरीने जमत नाही म्हणून वैताग आला का, एकटं पडल्यासारखं वाटलं का, हेही विचारतात.

दम्यामुळे अडणाऱ्या तीन गोष्टी मूल स्वतः निवडतं. मूळ यादीत बर्फातले खेळसुद्धा आहेत, ते ठाण्यात कुठून येणार? सिस्टर सरळ विचारतात, "बाळा, तुला काय काय करायला आवडतं?" लेकीने सांगितलं: खो-खो, जिना चढणं आणि हसणं. मावसभाऊ आला की हसून हसून खोकल्याची उबळ येते, म्हणून ती त्याच्याशी बोलणंच टाळत होती. फुंकरीचा आकडा त्या दिवशी चांगला होता बरं का!

रोजचा पंप स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची पोकळ नळी) लावून नीट सुरू झाल्यावर हालचालींच्या प्रश्नांची सरासरी ४.२ वरून ५.४ वर आली. डॉक्टर म्हणाले, अर्ध्या गुणाचा फरकही मुलाला जाणवतो. आणि तुलना तिची तिच्याशीच करायची, परदेशातल्या मुलांशी नाही.

एक उणीव आहे. आपल्याकडे "पंपाची सवय लागते", "मुलीची जात, चारचौघांत नको" हे घराघरात ऐकू येतं. माझी लेक शाळेत बाथरूममध्ये जाऊन पंप घेते. पंप लपवावा लागतो का, हा प्रश्न त्या २३ मध्ये नाही. मी सांगितल्यापासून सिस्टर तो वेगळा विचारतात आणि कागदाच्या कडेला लिहून ठेवतात. तो सगळ्याच मुलांना विचारला गेला पाहिजे.

शनिवारी जाऊ नका. गर्दीत प्रश्नावली घाईघाईत उरकतात, पालकही दारातून उत्तरं सुचवत राहतात. मधल्या वारी दुपारी निवांत असतं. गाडी लावायला जागा नाही, स्टेशनवरून चालत या.