टीजेचा प्रवेश: परीक्षा, निबंध की सोडत?

अमेरिकेतल्या नॉर्दर्न व्हर्जिनियात ज्या मराठी घरात सहावी-सातवीचं मूल आहे, तिथे टीजेचा विषय निघतोच. टीजे म्हणजे थॉमस जेफरसन हायस्कूल, फेअरफॅक्स काउंटीतली विज्ञान-तंत्रज्ञानाची, निवड करून मुलं घेणारी सरकारी शाळा. तिच्या रँकिंगमध्ये वेळ घालवत नाही. प्रश्न प्रवेशाचा आहे. २०२७ मध्ये फेअरफॅक्सच्या स्कूल बोर्डाची, म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळाची, निवडणूक आहे आणि कोणत्या पद्धतीच्या बाजूने उभं राहायचं हे अजून ठरत नसेल, तर माझा अनुभव कदाचित उपयोगी पडेल. आमच्याकडे लेकीने परीक्षा दिली, लेकाने निबंध लिहिले. टीजेत सोडत प्रत्यक्षात कधी निघालीच नाही, पण २०२० मध्ये तसा प्रस्ताव आला तेव्हा पालक म्हणून बाजू घ्यावी लागली आणि मी ती घेतली.

परीक्षेचं आपल्याला वावडं नाही. मी स्वतः नवोदयची परीक्षा देऊन गावाबाहेर पडलो, त्यामुळे परीक्षा गरिबाच्या मुलाला वर काढते हे मला कुणी सांगायला नको. पेपर सगळ्यांना सारखा, आणि निकाल लागला की आपण कुठे कमी पडलो ते कळतं. पण इथली परीक्षा तशी राहिली नव्हती. क्वांट-क्यू ही गणिताची चाचणी मुद्दाम आणली होती ती तयारी करून घेता येऊ नये म्हणून. क्लासवाल्यांनी तिचीही तयारी करून घेतलीच. लेकीचा एका क्लासमध्ये दर शनिवार जायचा. बाहेर गाड्यांची रांग, आणि रांगेत बहुतेक आपलीच माणसं. २०२० च्या उन्हाळ्यात ४८६ मुलांची निवड जाहीर झाली. त्यांत ७३ टक्के आशियाई होती, कृष्णवर्णीय मुलांचा आकडा दहाच्या आत होता आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतली मुलं एक टक्कासुद्धा नव्हती. निवडलेली मुलं हुशार होतीच, त्यांचे कष्ट खोटे नव्हते. पण एवढ्या मोठ्या परिसरात गरिबाघरचं हुशार मूल शंभरात एकही सापडू नये, हे नवोदयमध्ये वाढलेल्या माणसाला पटणं कठीण आहे.

त्या ऑक्टोबरात बोर्डाने परीक्षा काढून टाकली, आणि डिसेंबरात सोडतही नाकारून मधला रस्ता धरला: किमान ३.५ जीपीए (शाळेतल्या श्रेणींची चारपैकी सरासरी), स्वतःविषयीचे छोटे निबंध, एक गणित-विज्ञानाचा प्रश्न सोडवून त्यावर लेखन, घरच्या परिस्थितीचा विचार, आणि प्रत्येक मिडल स्कूलच्या आठवीतल्या दीड टक्का मुलांना राखीव जागा. पहिल्याच वर्षी ५५० जागांत दुर्बल घरांतली मुलं २५ टक्क्यांवर गेली, आशियाई मुलं ५४ टक्क्यांवर आली. या नव्या पद्धतीवरून कोर्टकचेरीही झाली. २०२२ मध्ये निकाल बोर्डाविरुद्ध गेला, २०२३ मध्ये अपिलात फिरला, २०२४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायला नकार दिला, आणि २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याने पुन्हा चौकशी सुरू केली. दीड टक्क्याची तरतूद मला मनापासून आवडते. नवोदयमध्ये किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या असतात, त्यावर आपण कधी आक्षेप घेतला?

माझं बिनसलं ते निबंधाशी. लेकाने ज्या शाळेसाठी ते लिहिले तिचं नाव इथे महत्त्वाचं नाही, कारण अडचण पद्धतीतच आहे. तेरा वर्षांच्या मुलाने घड्याळ लावून लिहायचं: मी नेतृत्व कसं केलं, मी अपयशातून काय शिकलो. आमचा पोरगा अबोल. गॅरेजमध्ये जुना प्रिंटर उघडून त्याच्या मोटरवर छोटा पंखा फिरवणारा, पण त्याबद्दल दोन वाक्यं विचारली तर खांदे उडवणारा. सरावासाठी एक क्लास लावला, तर तिथे सांगितलं की प्रिंटर ठीक आहे, पण त्यात एखादा संघर्ष दाखव. मग त्याने लिहिलं की वस्तू परवडत नव्हत्या म्हणून तो जुन्या यंत्रांकडे वळला. ते खरं नव्हतं. मी ते खोडायला लावलं, तेव्हा त्याने विचारलं, "बाबा, मग मी कमी पडलो तर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. निवड झाली नाही. त्याचं दुःख आम्हाला फार झालं नाही, तो आपल्या नेहमीच्या हायस्कूलमध्ये छान रमलाय. पण कितीतरी दिवस तो सरावाची वही काढून बसायचा आणि स्वतःबद्दल आपण काय लिहायला हवं होतं, ते शोधायचा. परीक्षेत नापास झालेलं मूल म्हणतं, माझं गणित कच्चं आहे. निबंधात नाकारलेलं मूल म्हणतं, मीच कच्चा आहे. माझ्यापुरता निर्णय तिथेच झाला.

आता सोडत. २०२० चा मूळ प्रस्ताव नुसत्या चिठ्ठ्या टाकायचा नव्हता, हे वादात हरवून गेलं. जीपीएची अट पार केलेल्यांतूनच विभागवार सोडत निघणार होती, आणि सुधारित मसुद्यात १०० जागा सर्वोत्तम अर्जांसाठी बाजूला ठेवल्या होत्या. विरोधक सॅन फ्रान्सिस्कोच्या लोवेल या तशाच नावाजलेल्या सरकारी हायस्कूलचं उदाहरण देतात, आणि ते उडवून लावण्यासारखं नाही. तिथे सोडतीने आलेल्या पहिल्या तुकडीत सुमारे २४ टक्के मुलांना पहिल्या सत्रात किमान एका विषयात डी किंवा एफ, म्हणजे सगळ्यांत खालची श्रेणी, मिळाली; आदल्या वर्षी हे प्रमाण आठ टक्क्यांच्या आसपास होतं. तुकडी कोविडच्या घरबसल्या वर्षानंतर आली होती हे धरूनही फरक मोठा आहे. पण लोवेलची सोडत गुणांच्या अटीशिवाय होती. त्यावरून मला एवढंच दिसतं की उंबरठा नसेल तर सोडत मुलांवरच अन्याय करते.

महाराष्ट्रात आरटीईच्या २५ टक्के जागांची सोडत निघते. नंबर लागला नाही की घर हळहळतं, पण पोराला कुणी ढ म्हणत नाही. मला टीजेसाठी हेच हवंय. पंधराशे मुलं पात्र असतील आणि जागा साडेपाचशे, तर पाचशे पन्नासावं आणि पाचशे एक्कावन्नावं मूल यांतला फरक कुणालाच मोजता येत नाही. तो मोजल्याचा आव आणण्यापेक्षा, तुम्ही दोघंही पात्र आहात, जागा कमी आहेत, असं सांगणं मला जास्त सरळ वाटतं.

तुमचं मूल स्पर्धेत खुलणारं असेल, तर परीक्षाच बरी असं तुम्हाला वाटेल, आणि त्यात गैर काही नाही. माझीही अट आहेच: ३.५ चा उंबरठा फार खाली आहे, एवढा जीपीए आजकाल भरपूर मुलांना असतो. शाळेतच, शाळेच्या वेळेत, सगळ्या आठवीकरांची एक गणिताची चाचणी घ्यावी, अर्ज करो वा न करो. ती फक्त पास-नापास असावी. दीड टक्क्याची तरतूद तशीच राहू द्यावी आणि उरलेल्या जागांची सोडत काढावी. बोर्डाचे उमेदवार दारात आले की मी त्यांना आधी या चाचणीबद्दल विचारणार आहे.