बातम्यांसाठी यूट्यूब: पेरणीपासून शेवटच्या वेच्यापर्यंतचा अनुभव

बातम्यांसाठी यूट्यूब वापरायला लागले त्याला आता एक पूर्ण हंगाम झाला. आमचं गाव हिंगणघाट तालुक्यात. पेपर येतो तो फाट्यावरच्या दुकानात, आणि दुपारपर्यंत त्याची पानं चार घरी गेलेली असतात. टीव्ही आहे, पण संध्याकाळी लाइन असेल तर. त्यामुळे आमच्या घरची बातमी माझ्या फोनवरच येते. ऐकणारे आम्ही दोघं: मी आणि मामाजी, म्हणजे माझे सासरे. बचत गटाच्या बैठकीच्या दिवशी बायाही थांबतात. कास्तकाराच्या घरात ही साइट असलीच पाहिजे, असं माझं ठाम मत झालंय. फक्त आपल्याकडे ती ज्या तऱ्हेने पाहिली जाते, त्यात मला बदल हवा आहे.

इथे माणसाचं बोलणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकता येतं, हा मला सगळ्यात मोठा गुण वाटतो. 7 ऑक्टोबर 2025 ला मुख्यमंत्र्यांनी अतिवृष्टीसाठी 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. तासाभरात फोनवर चित्रं फिरायला लागली: कोरडवाहूला हेक्टरी साडेअठरा हजार, हंगामी बागायतीला 27 हजार, बागायतीला साडेबत्तीस हजार. गावात हाच आकडा बसला. पुढे लोकांच्या खात्यात पैसे यायला लागले तेव्हा मामाजी पारावरून वैतागून आले. "साडेआठच्या हिशेबानं कायले आले? त्यायनं तं साडेअठरा म्हटलं होतं." मी त्यांच्यासमोर ती पत्रकार परिषद पुन्हा लावली. त्यात फोड होती. पिकाच्या नुकसानीचे 8,500 वेगळे आणि रब्बीच्या बियाण्यासाठी व इतर खर्चासाठी 10,000 वेगळे. मर्यादा 3 हेक्टरची. मामाजींनी तो तुकडा तीनदा मागे घेऊन ऐकला, मग पाटीवर दोन आकडे वेगवेगळे लिहिले आणि उरलेले कधी येतात हे विचारायला तलाठ्याकडे गेले. भांडायला नाही, नेमकं विचारायला. मदत पुरेशी होती असं मी म्हणत नाही. नासलेल्या सोयाबीनच्या काढणीची मजुरीही त्यात कित्येकांची निघाली नाही. पण मागायचं किती आणि कोणत्या नावाखाली, हे माहीत असलेल्या माणसाला कोणी उडवून लावू शकत नाही.

आता थंबनेलबद्दल, म्हणजे व्हिडिओ उघडण्याआधी दिसणाऱ्या चित्राबद्दल. लाल अक्षरं, मोठा बाण, रडणारा शेतकरी, आणि वर "आत्ताची सर्वात मोठी बातमी". कापसाच्या बाबतीत हे फार वाईट आहे. 2022 मध्ये कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. त्या वेळचे भाव दाखवणारे व्हिडिओ आजही नव्यासारखे फिरतात, आणि ते पाहून कोणी घरात कापूस भरून ठेवला तर त्याचं नुकसान भरून देणारा कोणी नसतो. माझा नियम सोपा आहे. व्हिडिओखालची तारीख आधी, चॅनल कोणाचं ते नंतर, मथळा सर्वात शेवटी. तारीख दिसली तरी व्हिडिओतले बाजार समितीचे फलक नीट पाहायचे, कारण जुनं चित्रीकरण नव्या तारखेने टाकणारेही आहेत.

भावासाठी मी व्हिडिओपेक्षा खालच्या प्रतिक्रिया जास्त वाचते. निवेदक सांगतो, "विदर्भात कापूस वधारला". खाली एखादा कास्तकार लिहितो की आमच्याकडे आज अमुक भाव, ओलावा इतका, कटती (वजनातली कपात) इतकी, चुकारा (पैसे) आठ दिवसांनी. खरी बातमी ही दुसरी. हमीभाव 2025-26 साठी मध्यम धाग्याला क्विंटलला 7,710 आणि लांब धाग्याला 8,110 रुपये, हे सगळ्यांना पाठ होतं. पण सीसीआय, म्हणजे हमीभावाने कापूस घेणारं सरकारी कापूस महामंडळ, 8 टक्के ओलाव्यावर पूर्ण भाव धरते, त्यावर 12 टक्क्यांपर्यंत कपात करते, आणि 12 च्या वर घेत नाही. दवात वेचलेला कापूस थेट गाडीत भरला तर हातात काय पडणार, हे त्या चार ओळी वाचून कळतं. 2025-26 च्या हंगामात सीसीआयला विकायचं तर कपास किसान ॲपवर नोंदणी लागणार, हेही आमच्या गटातल्या बायांना अशाच प्रतिक्रियांमधून आधी कळलं. सातबारा, आधार, पीक पेऱ्याची नोंद, काय काय जवळ ठेवायचं ते एका कास्तकाराने स्वतः नोंदणी करता करता पडद्यावर दाखवलं होतं. त्या कास्तकार भावाचे मनापासून आभार. कोणी पैसे दिले म्हणून त्याने ते केलेलं नाही.

कापसाच्या आयात शुल्काबद्दल माझं मत इथेच लिहिते, कारण ते घडलं या साइटमुळे. केंद्राने 19 ऑगस्ट 2025 पासून कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काढलं. आधी 30 सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून 31 डिसेंबरपर्यंत. आमच्याकडे दसरा-दिवाळीत पहिला-दुसरा वेचा होतो. नेमका आमचा माल बाजारात यायच्या वेळी बाहेरचा कापूस बिनशुल्क आत. मी मुद्दाम कापड उद्योगाची बाजू मांडणाऱ्या चर्चाही पूर्ण पाहिल्या. अमेरिकेने 27 ऑगस्टपासून भारतीय मालावर 50 टक्के शुल्क लावलं, तयार कपड्यांच्या ऑर्डरी अडकल्या, गिरण्यांना स्वस्त कापूस हवा होता. त्यांची अडचण खरी आहे, त्यांच्याकडेही हजारो मजूर आहेत. तरी मला हा निर्णय चुकीचाच वाटतो. गिरण्यांना सवलत द्यायची तर सरकारने स्वतःच्या तिजोरीतून द्यावी, पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, झाडाकडून वसूल करू नये. दोन्ही बाजू ऐकून मत पक्कं झालं, याचं मला समाधान आहे. एकाच बाजूचे व्हिडिओ पाहिले असते तर नुसता राग राहिला असता.

एका बाजूचे व्हिडिओ पाहत राहिलं तर यूट्यूब तसलेच आणखी पुढे आणून ठेवतं. त्याची रचनाच तशी आहे. म्हणून सेटिंगमध्ये जाऊन पाहण्याचा इतिहास अधूनमधून पुसावा, आणि भडकावणारं चॅनल दिसलं की तीन ठिपक्यांवर दाबून त्याची शिफारस बंद करावी. दोन समाजांत भांडण लावणारे व्हिडिओ मी असेच घराबाहेर काढले. घरात सातवी-आठवीतली लेकरं तोच फोन हातात घेतात, त्यामुळे हे काम टाळण्यासारखं नाही.

हवामानासाठी मी भारतीय हवामान विभागाचंच पाहते. बाकी अंदाजवाले तारखा छातीठोक सांगतात, पण चुकल्यावर त्याबद्दल बोलत नाहीत. डेटाचं म्हणाल तर बातमी पाहायला चित्र स्पष्ट लागत नाही. गुणवत्ता 144 वर ठेवली की रोजचा दीड जीबी पुरून उरतो, आणि वावरात टॉवर कमी असला तरी आवाज तुटत नाही.

त्या हंगामात माझ्या "नंतर पहा" यादीत सर्वात वर होतं ते ऑक्टोबर 2025 मधलं नागपूरच्या शेतकरी आंदोलनानंतरचं सरकारचं निवेदन. गावात तेव्हाच "कर्जमाफी झाली" म्हणून सांगणारे होते. निवेदनात होतं ते एवढंच: कर्जमाफीवरच्या समितीचा अहवाल येईल आणि 30 जून 2026 पर्यंत निर्णय घेऊ. माफी कोणाला, किती, कोणत्या तारखेपर्यंतच्या थकबाकीला, यातलं काही ठरलेलं नव्हतं. माझ्या गटातल्या दोघीजणी सोसायटीचं पीककर्ज भरू की थांबू, हे विचारत आल्या होत्या. मी त्यांना तो व्हिडिओ लावून दिला आणि वेळेत भरणाऱ्याला 3 लाखांपर्यंत व्याज लागत नाही, हेही दाखवलं. एकीने भरायचं ठरवलं. दुसरीजवळ पैसेच नव्हते, तिच्यासाठी हा निर्णय लवकर व्हायला हवा होता. 2019 च्या महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेत थकबाकीदारांना 2 लाखांपर्यंत माफी आणि नियमित भरणाऱ्यांना 50 हजारांपर्यंत प्रोत्साहन होतं. या वेळीही दोघींचा विचार व्हावा, असं मला वाटत होतं. समितीच्या अहवालावर पत्रकार परिषद झाली तर ती गटाच्या बैठकीतच लावायची, पहिल्या मिनिटापासून, हे मी तेव्हाच ठरवलं होतं.